बापूकाकांच्या पत्रातला राग

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस, पावसाआधी झाडावरचा उरलासुरला आंबा उतरवून घेण्याची घाई गावात चालू असताना, आमच्या शेजारचे बागायतदार बापूकाका एक कागद घेऊन माझ्या पडवीत आले. रत्नागिरीच्या उत्तरेला खाडीच्या तोंडाशी वसलेल्या या गावातल्या माध्यमिक शाळेत मी २३ वर्षे इंग्रजी शिकवले, त्यामुळे निवृत्तीनंतरही इंग्रजीतले काही लिहायचे किंवा वाचून घ्यायचे असले की लोक माझ्याकडे येतात. बापूकाकांच्या हातातले पत्र लंडनच्या एका व्यापाऱ्याला पाठवायचे होते. त्याने हापूसचा माल उतरवून घेतला होता, विकलाही होता, आणि पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मालात कर्नाटकातला आंबा मिसळलेला होता असे कारण सांगून अर्ध्याहून अधिक रक्कम अडवून ठेवली होती. काकांनी मराठीत जे सांगितले ते त्यांच्या पुण्याच्या पुतण्याने मोबाइलवर भाषांतरित करून छापून पाठवले होते. काकांचे मूळ वाक्य ‘या प्रकाराने आम्ही संतप्त झालो आहोत’ असे होते. इंग्रजी कागदावर मात्र, आम्ही ‘रेज’ने भरलेलो आहोत, असे उमटले होते.

त्या एका शब्दापाशी मी थांबले, आणि पुढच्या तीन संध्याकाळी आम्ही दोघांनी त्या पत्रावर घालवल्या. काकांना इंग्रजी फारसे येत नाही, पण आपल्या मनात नेमके काय आहे ते त्यांना पक्के ठाऊक होते. मला इंग्रजी येते, परंतु रागाच्या इंग्रजी शब्दांविषयी मी इतकी वर्षे मुलांना जे शिकवले ते अपुरे होते, हे मला त्या तीन दिवसांत उमगले.

वर्गात मी फळ्यावर एक शिडी काढत असे. सर्वांत खालच्या पायरीवर ‘ॲनॉइड’, मधल्या पायरीवर ‘अँग्री’, तिच्या वर ‘फ्युरिअस’ आणि अगदी टोकाला ‘रेज’. मुले ती वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत बरोबर लिहीत. या शिडीत राग ही एकच वस्तू आहे आणि शब्द फक्त तिचे माप सांगतात, असे गृहीत धरलेले आहे. तापमापक ताप किती आहे ते सांगतो, तो हिवतापाचा की मुदतीचा ते सांगत नाही. आपल्या ‘संताप’ या शब्दातही ताप आहे, पण म्हणून संताप म्हणजे शंभराच्या पुढे गेलेला राग, असे कोणी मराठी माणूस मानत नाही. इंग्रजीतही तसेच आहे. तिथले शब्द रागाच्या मात्रेपेक्षा त्याच्या जातीविषयी बोलतात: राग आलेला माणूस समोरच्याच्या वर उभा आहे की खाली, त्याच्या रागामागे काही न्याय-अन्यायाचा हिशेब आहे की नाही, आणि तो राग आत्ताचा आहे की जुना.

‘रेज’ हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या ‘रेबीज’ या शब्दापासून आला आहे. कुत्रे चावल्यावर होणाऱ्या रोगाचे नाव आपण याच रूपात वापरतो. पिसाळलेले कुत्रे गावात शिरले की त्याला राग का आला असे कोणी विचारत नाही, काठी शोधतात आणि मुलांना आत घेतात. ‘रेज’मध्ये ते पिसाळलेपण अजून शिल्लक आहे. कारण असेल, अगदी रास्तही असेल, परंतु त्या क्षणी माणूस कारणाच्या ताब्यात राहिलेला नसतो. रस्त्यावर गाडीला गाडी घासली म्हणून उतरून मारहाण करणाऱ्यांच्या वागण्याला इंग्रजीत ‘रोड रेज’ म्हणतात ते याच अर्थाने. ज्या व्यापाऱ्याने बापूकाकांवर लबाडीचा आळ घेतला होता त्याला आम्ही रेजने भरलो आहोत असे कळवले असते, तर त्याला त्या पत्रात तक्रार दिसली नसती, धमकी दिसली असती. आणि धमकी देणाऱ्याचे पुढचे मुद्दे कोणी वाचत नाही.

‘फ्युरी’ रेजच्या जवळची आहे आणि पुष्कळदा एकीच्या जागी दुसरी चालून जाते. तिच्या लॅटिन मुळातही वेडाचा अर्थ आहे. पण रोमन लोकांनी ‘फ्युरी’ हे नाव सूडाच्या देवतांना दिले. ग्रीकांच्या एरिन्येस त्या याच. विशेषतः रक्ताच्या नात्यातल्याचा खून करणाऱ्याच्या मागे त्या लागत आणि त्याला कुठेही स्वस्थ बसू देत नसत. त्यामुळे जुन्या फ्युरीला एक दिशा होती, कोणाच्या तरी अपराधाचा माग होता. आजच्या बोलण्यात तो माग बराच पुसट झाला असून, ‘फ्युरिअस’ हा शब्द उशिरा घरी आलेल्या मुलाच्या आईलाही लावला जातो.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही बोलत बसलो असताना समुद्रावरून वारे सुटले, आणि काकांनी सहज २०२० सालची आठवण काढली. त्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि दोन पिढ्यांनी वाढवलेली झाडे एका दुपारीत गेली. त्या आठवणीतून मला एक कसोटी सापडली, आणि ती फळ्यावरच्या शिडीपेक्षा कितीतरी उपयोगी आहे असे मला वाटते. कोणता शब्द समुद्राला लावता येतो, ते पाहावे. इंग्रजीत समुद्र ‘अँग्री’ असू शकतो, ‘रेजिंग’ असू शकतो, वादळाची ‘फ्युरी’ असते. पण समुद्र ‘इंडिग्नंट’ झाला, वादळाला ‘रिझेंटमेंट’ आहे, लाटा ‘एक्झॅस्परेट’ झाल्या, असे इंग्रज कधी म्हणणार नाही. मराठीतही समुद्र खवळतो, आणि त्याच क्रियापदाने माणूसही खवळतो, त्याचे पित्तही खवळते. पण समुद्राला अन्यायाची चीड आली, असे आपण म्हणत नाही. जे शब्द समुद्राला चालतात त्यांत केवळ जोर आहे. जे चालत नाहीत त्यांना स्मृती लागते, मान-अपमान कळावा लागतो, काय व्हायला हवे होते आणि काय झाले याची तुलना करणारे मन लागते. बापूकाकांचा शब्द या दुसऱ्या गटातला होता.

‘पण नारळी पौर्णिमेला नारळ देतो तेव्हा आपण दर्याला शांत हो म्हणतोच की,’ असे काका म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे खरे होते. मात्र त्या दिवशी समुद्र हे नुसते पाणी नसते, तो देव असतो, आणि देवाच्या रागाला मराठीत वेगळा शब्द आहे: कोप. इंग्रजीतला त्याचा सोबती म्हणजे ‘रॅथ’. हा शब्द मूळचा जुन्या इंग्रजीतला असून पीळ पडणे, वळवळणे या अर्थाच्या ‘राइद’ या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. ख्रिस्ती परंपरेत सांगितलेल्या सात महापापांपैकी एक रॅथ आहे, आणि तरीही देवाच्या न्याय्य कोपालाही हाच शब्द आहे. माणसाने केला तर पाप आणि देवाने केला तर न्याय, असे एकाच शब्दाचे दोन निवाडे होतात, कारण रॅथला अधिकार लागतो. तो वरून खाली येतो. शिक्षा देण्याची ताकद ज्याच्या हाती आहे त्याचाच राग रॅथ होऊ शकतो.

आम्हा कोकणातल्या लोकांना हे समजायला दूर जावे लागत नाही. चिपळूणजवळच्या डोंगरावर परशुरामाचे देऊळ आहे, आणि ही सगळी भूमीच त्याने समुद्र मागे हटवून मिळवली असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. वडिलांच्या हत्येनंतर त्याने २१ वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली, या कथेतला राग म्हणजे रॅथ. त्याला अँगर म्हणणे तोकडे पडेल आणि रेज म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्यात प्रतिज्ञा आहे, मोजणी आहे आणि शेवटही आहे. घरातल्या तापट वडीलधाऱ्याला आपण जमदग्नीचा अवतार म्हणतो तेव्हाही, त्या माणसाचे घरातले स्थान आपण त्या शब्दातून मान्य करत असतो. लहान मुलगा कितीही चिडला तरी त्याला कोणी जमदग्नी म्हणत नाही. लॅटिन ‘इरा’पासून आलेला ‘आयर’ हा रॅथचाच धाकटा भाऊ, पण तो आता मुख्यतः बातम्यांच्या मथळ्यांत उरला आहे, कारण इंग्रजीत त्याला तीनच अक्षरे लागतात.

नारळाच्या बागेतून घर चालवणाऱ्या आणि आंब्याच्या दोन महिन्यांवर वर्षाचा हिशेब बांधणाऱ्या माणसाने लंडनच्या व्यापाऱ्यावर रॅथ काढला असता तर ते राजाचा अंगरखा उसना घातल्यासारखे दिसले असते. खालून वर जाणाऱ्या रागासाठी आमच्याकडे दुसरी रीत आहे. ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणे घालतात, ‘बा देवा महाराजा’ म्हणून सुरुवात करतात आणि प्रत्येक वाक्याला जमलेले लोक ‘होय महाराजा’ म्हणून साथ देतात. गाऱ्हाणे म्हणजे विनवणी आहे आणि तक्रारही आहे. देव मोठा असला तरी आपले म्हणणे त्याच्यापुढे ताठ उभे राहून मांडायचे असते. काकांचे पत्र हे तशा जातीचे गाऱ्हाणे होते, फक्त समोर देव नव्हता.

पुतण्याला फोन करून ‘रेज’ काढायला सांगितले तेव्हा त्याने लगेच ‘इरिटेटेड’ आणि ‘ॲनॉइड’ सुचवले. हे दोन शब्द फार वेळ घेणारे नाहीत. ‘इरिटेट’ अंगावरच्या खाजेलाही लागतो, आणि मनावरचा त्याचा अर्थही त्वचेपुरताच राहतो: सतत घासणारी, पण खोल न जाणारी गोष्ट. मराठीतली चिडचिड तीच. ‘ॲनॉय’ची कहाणी थोडी विशेष आहे, कारण तो ‘मला याचा तिटकारा आहे’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दप्रयोगातून निघाला. म्हणजे जन्मतः तो द्वेषाचा शब्द होता आणि शतकांच्या वापराने झिजून डासांच्या त्रासापुरता उरला. दर्शनी नावावरून जुने वजन ओळखू येत नाही, याचे हे उत्तम उदाहरण आहे. ‘एक्झॅस्परेट’ मला त्या मानाने आवडतो. त्याच्या मुळाशी ‘खरखरीत’ या अर्थाचा शब्द आहे, आणि तो अशा माणसाला लागतो ज्याने पुष्कळ वेळ धीर धरला, पुन्हा पुन्हा समजावले, आणि आता त्याचा धीर घासून संपला आहे. आपला वैताग त्याच्या अगदी शेजारी बसतो. पण काकांनी व्यापाऱ्याला दहा वेळा समजावलेले नव्हते, त्यामुळे तो शब्दही बाजूला पडला. ‘मॅड’चा विचारही करायचा नव्हता. अमेरिकेत त्याचा रोजचा अर्थ रागावलेला असा आहे, ब्रिटनमध्ये मात्र अजूनही तो आधी वेडाकडे बोट दाखवतो.

एका शब्दावर मात्र काका खूश झाले, आणि तो पत्रात वापरायचा नव्हता तरी त्यांनी मला तो पुन्हा पुन्हा म्हणायला लावला. ‘लिव्हिड’ म्हणजे भयंकर संतापलेला. पण त्याच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मुक्या मारानंतर कातडीवर उठणारा काळानिळा रंग असा आहे. ‘म्हणजे रागाने काळानिळा झाला, हे तेही म्हणतात!’ असे काका उद्गारले. पित्ताचेही तसेच आहे. जुन्या युरोपीय वैद्यकात माणसाच्या स्वभावाचे कारण शरीरातल्या चार रसांत शोधत, आणि पिवळे पित्त वाढले की माणूस रागीट होतो असे मानत. ‘कॉलर’ हा रागाचा जुना इंग्रजी शब्द पित्ताच्या ग्रीक शब्दापासून आला, आणि कॉलराचे नावही तिथलेच. आयुर्वेदाने पित्ताला उष्ण म्हटले, आणि आपले पित्त आजही खवळते. सातासमुद्रापलीकडची माणसे आणि आपण शरीराच्या एकाच कोपऱ्यात राग शोधत होतो, हे कळल्यावर मला त्या भाषेविषयी जवळीक वाटली.

मग साधा ‘अँग्री’ का लिहू नये, असा प्रश्न काकांनी विचारला, आणि तो योग्यच होता. ‘अँगर’ हा सर्वांत रुंद शब्द आहे, त्यात बाकीचे सगळे मावतात. गंमत अशी की त्याचे मूळ मात्र अरुंदपणाचे आहे. १३व्या शतकाच्या सुमारास तो स्कँडिनेव्हियाच्या भाषेतून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ दुःख, क्लेश असा होता, आणि त्याच्याही मागे गेले तर आवळणे, कोंडणे या अर्थाचे जे प्राचीन मूळ सापडते त्यातूनच लॅटिनमधून ‘अँग्झायटी’ आणि हृदयविकाराचे ‘अंजायना’ आले. ऋग्वेदातला ‘अंहस्’ हा शब्दही त्याच घराण्यातला असून त्याचा अर्थ कोंडी, संकट असा आहे. आपला ‘राग’ अगदी वेगळ्या वाटेने आला. तो ‘रञ्ज्’ धातूतून, रंगातून, लालीतून येतो. संस्कृतात तो आसक्तीचा आणि प्रेमाचा शब्द होता, अनुरागात आणि गायनाच्या रागात तो अर्थ अजून जिवंत आहे, आणि मराठीने मात्र त्यातली लाली तेवढी चेहऱ्यावर ठेवून घेतली. इंग्रजाचा राग गळा आवळतो, मराठी माणसाचा राग तोंड लाल करतो. शिवाय तो मराठीत ‘येतो’. ‘मला राग आला’ या वाक्यात मी कर्ता नसते, राग पाहुण्यासारखा माझ्याकडे येतो. इंग्रजीत ‘मी अँग्री आहे’ असे म्हणावे लागते, म्हणजे ती माझीच अवस्था ठरते. त्यामुळे व्यवहाराच्या पत्रात ‘अँग्री’ लिहिले की वाचणारा लिहिणाऱ्याच्या स्वभावाकडे पाहू लागतो, आणि जे घडले त्याकडे त्याचे लक्ष कमी जाते.

तिसऱ्या संध्याकाळी मी काकांना विचारले की पैसे मिळाले तर तुमचा राग जाईल का. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘बाई, पैशाचं एक वेळ राहू द्या. एखाद्या फळात साका निघाला असता आणि त्याने तेवढे पैसे कापले असते, तर मी एक शब्द बोललो नसतो, साका वरून दिसत नाही हे मलाही माहीत आहे. पण त्याने मला खोटा ठरवलं. माझ्या आजोबांनी लावलेल्या कलमांचा आंबा आहे तो.’

हे ऐकले आणि शब्द समोर आला. ‘इंडिग्नेशन’च्या पोटात लॅटिनमधला योग्यता सांगणारा शब्द आहे, आणि ‘डिग्निटी’ त्याचीच बहीण. जे आपल्याला शोभत नाही, ज्याला आपण पात्र नाही, अशी वागणूक मिळाली म्हणून उठणारा राग म्हणजे इंडिग्नेशन. त्यात आरडाओरडा असेलच असे नाही, किंबहुना तो राग स्वतःचा तोल सोडत नाही, कारण तोल सोडला तर ज्या प्रतिष्ठेसाठी तो उठला तीच जाते. तो दुसऱ्यासाठीही येऊ शकतो: अनोळखी माणसावर झालेला अन्याय पाहून जे उसळते तेही इंडिग्नेशनच. मराठीत याला ‘चीड’ म्हणता येते, पण चीड क्षुल्लक गोष्टीचीही येते. सर्वांत जवळचा आपला शब्दप्रयोग म्हणजे ‘सात्त्विक संताप’. मोबाइलने नेमके ते विशेषण गाळलेला संताप उचलला आणि त्याचे पिसाळलेपण करून टाकले. ‘आउटरेज’ही मी तपासून पाहिला. ऐकायला त्यात रेज आहे असे वाटते, पण तो शब्द पलीकडे, मर्यादेबाहेर या अर्थाच्या लॅटिन ‘उल्ट्रा’पासून घडला आहे, आणि तो रागाला जितका लागतो तितकाच राग आणणाऱ्या कृत्यालाही लागतो. एका माणसाचे गाऱ्हाणे मांडायला तो मोठा होता. तो जमावाचा, जाहीर सभेचा शब्द आहे.

तरीही ‘आम्ही इंडिग्नंट आहोत’ असे वाक्य आम्ही लिहिले नाही. इंग्रजी पत्रात हा राग नाव घेऊन सांगण्यापेक्षा मांडणीतून दिसू द्यावा, असे मला वाटले. पहिल्या परिच्छेदात मालाचा तपशील आणि तारखा घातल्या. दुसऱ्यात कलमे कोणत्या साली लावली, फळ कोणत्या बागेतून उतरले आणि पेट्या कोणी भरल्या ते लिहिले. मग एकच वाक्य: आपण रक्कम कापलीत याहून, आपण पुराव्याशिवाय आमच्या प्रामाणिकपणावर संशय घेतलात, याला आमचा आक्षेप आहे. काकांनी ते वाक्य माझ्याकडून तीनदा मराठीत समजून घेतले आणि मग सही केली.

उत्तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आले, तेव्हा पाऊस लागला होता. व्यापाऱ्याने अडवलेल्या रकमेपैकी बहुतेक पैसे पाठवले होते, सोबत चार ओळी होत्या आणि त्यांत भेसळीच्या आरोपाविषयी एक अक्षरही नव्हते. काकांनी आंब्याच्या पेटीवर झाकायच्या गवताची काडी बोटांत फिरवत ते पत्र ऐकले. पैसे आले म्हणून आनंद झाला का, असे मी विचारले नाही. पुढे गणपतीच्या सुमारास ते पुन्हा आले तेव्हा बोलता बोलता म्हणाले, ‘ते सगळं मिटलं, पण रात्री मधेच आठवतं, आणि पहिल्या दिवशी वाटलं होतं तसंच वाटतं. याला त्यांच्यात काही शब्द आहे का?’

मी त्यांना ‘रिझेंटमेंट’ हा शब्द सांगितला. फ्रेंचमधून आलेल्या त्या शब्दाचा धातुगत अर्थ ‘पुन्हा जाणवणे’ असा आहे. १७व्या शतकातल्या इंग्रजीत तो उपकाराच्या जाणिवेलाही वापरत असत, म्हणजे चांगलेही पुन्हा जाणवू शकत होते. पुढे त्यातली कृतज्ञता गळून गेली आणि डंख तेवढा राहिला. काकांनी तो शब्द माझ्याकडून देवनागरीत एका चिठ्ठीवर लिहून घेतला, चिठ्ठी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि यंदा मोहोर कसा धरेल याविषयी बोलू लागले.